परळी ते पुणे, आइस्क्रीमच्या पॉटातून

पुण्यात कुणालाही सांगा की आपण ऐन मे महिन्यात बीड जिल्ह्यात जाऊन आलो, समोरचा आधी आपल्या तब्येतीची चौकशी करतो. मे महिन्यात शहाणी माणसं महाबळेश्वरला जातात, गेला बाजार पन्हाळ्याला. मी अंबाजोगाईला गेले, तिथून परळीला गेले आणि परतताना एका टेम्पोत, लग्नकार्यात भाड्यानं देतात त्या आइस्क्रीमच्या पॉटाला टेकून पुण्यापर्यंत आले. पॉटात एक्केचाळीस माणसांचं रक्त होतं. इतका मजेचा प्रवास मी आजवर केलेला नाही.

रक्त कशासाठी, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर माझ्या आईसारखं तुम्हालाही वाटेल की मी रक्तपेढीत नोकरीला आहे. मी संशोधन करते, आणि माझा विषय चिकट रेणू हा आहे. बी प्रकारची कावीळ काही माणसांच्या यकृतात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसते. माणूस हिंडता-फिरता असतो, डोळे पिवळे नाहीत, भूक छान, पण आत यकृतावर व्रण पडत जातात आणि मऊ यकृत निबर होतं. ते किती निबर झालं हे पाहायचं तर बरगड्यांमधून सुई घालून यकृताचा बारीकसा तुकडा काढावा लागे. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. आमच्या प्राध्यापकांना वाटत होतं की असावा. रक्तवाहिनीच्या अस्तरावर काही चिकट रेणू असतात. वाहत्या पांढऱ्या पेशींना ते धरतात, थांबवतात आणि यकृताच्या आत पाठवतात. तिथून दाह सुरू होतो. या रेणूंचे तुटके तुकडे रक्तात तरंगत असतात. ते मोजले तर व्रण किती हे सुईशिवाय कळेल का, एवढाच माझा प्रश्न होता.

मोजायचं परदेशी किट पूर्वी मागवलं तर परवान्याच्या कागदपत्रांतच वर्ष जायचं. आता दिवस बदलले होते. ते तीन आठवड्यांत विमानानं आलं आणि आमच्या फ्रिजमध्ये मुदत संपण्याची वाट पाहत बसलं. रक्त मात्र अंबाजोगाईला होतं. तिथले एक डॉक्टर, आमच्या प्राध्यापकांचे जुने वर्गमित्र, दोन वर्षं आपल्या रुग्णांची सुई ज्या दिवशी होई त्याच दिवशी थोडं रक्त काढून, त्यातला वरचा पिवळट द्रव वेगळा करून गोठवून ठेवत होते. तुकडे आधीच पुण्याला तपासणीला आले होते. आता नळ्या आणायच्या होत्या, गोठलेल्याच. वाटेत वितळल्या की मोजणीचा भरवसा संपला, आणि तुकडा व रक्त ही एकाच दिवसाची जोडी पुन्हा मिळवायची तर त्या एक्केचाळीस माणसांना पुन्हा सुई.

मांजरसुंबा

निघताना मला थर्माकोलची पेटी आणि तिच्यात दोन दिवस पुरेल इतका सुका बर्फ मिळाला. सुका बर्फ वितळत नाही, त्याची सरळ वाफ होते, म्हणून झाकण घट्ट लावायचं नाही अशी सक्त ताकीद होती. मी लावलं नाही. पुण्याहून मांजरसुंब्याच्या फाट्यापर्यंत पेटी माझ्या मांडीवर हलकेच धूर सोडत होती आणि शेजारचे गृहस्थ दर दहा मिनिटांनी आणखी पलीकडे सरकत होते. मला आयुष्यात पहिल्यांदा बसमध्ये दीड सीट मिळाली.

फाट्यावर उतरून केजकडे जाणाऱ्या जीपची वाट पाहत एका ढाब्यावर बसले. पेटी बाजेवर ठेवली आणि तोंड धुवायला मागे गेले. एवढ्यात ढाब्याचे मालक, सगळे त्यांना नाना म्हणत, बाहेर आले. त्यांना बाजेवर धूर दिसला. माणूस प्रसंगावधानी. त्यांनी बादलीभर पाणी आणून पेटीत ओतलं.

सुक्या बर्फावर पाणी ओतलं की काय होतं, हे मी प्रयोगशाळेत पाहिलं होतं, पण चमचाभर पाण्यानं. इथं पांढरा लोट उठला, बाजेवरून खाली उतरला आणि जमिनीलगत सगळ्या ढाब्यात पसरला. धूर दुप्पट झाला म्हणून नानांनी दुसरी बादली आणली. मी परत आले तेव्हा ट्रकवाल्यांची नुसती धडं दिसत होती, पाय ढगात होते, आणि शीतपेयाच्या नव्याकोऱ्या लाल पेटीवर चढून एक म्हातारबुवा हात जोडून उभे होते. मी ओरडायला तोंड उघडलं आणि मला हसूच फुटलं. बाजेला धरून हसले. पेटीत तळाशी थोडं पाणी शिल्लक होतं, आणि ते पाणी मात्र अप्रतिम गार होतं.

काय झालं हे समजल्यावर नाना इतके ओशाळले की त्यांनी माझ्यापुढे पिठलं, तीन भाकरी, ठेचा आणि अख्खा कांदा आणून ठेवला आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. आमच्याकडे चूक झाली की माणूस आधी ती तुमची कशी होती हे पटवून देतो. नाना फक्त वाढत राहिले.

अंबाजोगाई

डॉक्टरांच्या घरी पोचले तेव्हा त्यांचा फ्रीज गोधड्यांत गुंडाळलेला होता. लाइट सकाळपासून गेली होती. थंडी बाहेर जाऊ नये म्हणून वहिनींनी घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या त्याला गुंडाळल्या होत्या, आणि येणारा प्रत्येक पाहुणा आजारी कोण आहे असं विचारत होता. डॉक्टर स्वतः फ्रीजशेजारी खुर्ची टाकून बसले होते. कुणी हात लावू नये म्हणून.

मी समोरच्या पिवळ्या एस.टी.डी. बूथवरून प्राध्यापकांना फोन लावला. सुका बर्फ आता मंगळवारशिवाय मिळणार नव्हता. आज गुरुवार. फ्रीज मंगळवारपर्यंत तग धरेल याची खात्री डॉक्टरही देईनात. वहिनींनी दिलेलं सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा प्रकार, मी नुसतंच खात राहिले. पुण्यात हे मिळत नाही आणि का मिळत नाही हे मला अजून कळलेलं नाही, पण त्या दिवशी चवीकडे लक्ष नव्हतं.

शेवटी डॉक्टरांनाच सुचलं. परळीला त्यांचे एक रुग्ण होते, महालिंगआप्पा. मांडव, भांडी, सतरंज्या भाड्यानं देण्याचा धंदा, आणि पंचक्रोशीतल्या लग्नांत आइस्क्रीमचे पॉट त्यांचेच. बर्फात खडे मीठ घातलं की तो शून्याच्या चांगलाच खाली जातो. आप्पांना हे कुठल्याही शास्त्रज्ञापेक्षा जास्त कळतं, असं डॉक्टर म्हणाले. मग म्हणाले, की आप्पांना दुसरी सुई घ्यायची वेळ होऊन गेली आहे आणि ते ऐकत नाहीत. जमलं तर तेही बघा.

परळी वैजनाथ

परळी जवळ आली हे वीजकेंद्राच्या उंच चिमण्यांवरून कळतं. मग झाडांवरून कळतं. औष्णिक केंद्राची राख पानांवर बसून कडुनिंब करडे दिसायला लागतात. आप्पांच्या दुकानापुढे सतरंज्या वाळत घातल्या होत्या आणि एक बाई त्या झटकत होत्या. सतरंजी झटकून होते ना होते तोवर तिच्यावर नवी राख. त्या काकू, आप्पांच्या पत्नी. मी कोण, कुठली, कशाला आले, हे काहीही न विचारता त्यांनी मला आत नेऊन ताटावर बसवलं. येसराची आमटी होती. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ लावून केलेली ती दाट, काळपट आमटी दोन वाट्या प्याल्यावर मी तिसरी मागितली.

महालिंगआप्पा पन्नाशीचे, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, कपाळाला भस्म, आणि आवाज असा की मांडवाच्या या टोकाचा माणूस त्या टोकाला ऐकू यावा. माझी अडचण ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की नळ्या कितीक जाडीच्या. मी बोट दाखवलं. ते मागच्या खोलीत गेले आणि सगळ्यात मोठा पॉट उचलून घेऊन आले. लाकडी पिंप, त्यात धातूचा डबा, वर फिरवायचं हँडल. पिंपावर पांढऱ्या रंगात नऊ आकडा. मी त्यांना सांगितलं की एकदा यात हे रक्त गेलं की पॉट पुन्हा कधीही खाण्यासाठी वापरायचा नाही. ते म्हणाले, नववा तसाही गळतो. नंतर कळलं की गळत नव्हता.

मग त्यांनी मला बसवलं आणि हे चिकट रेणू काय भानगड आहे ते विचारलं. मी प्राध्यापकांसारखी सुरुवात केली. दोन वाक्यांत त्यांचा चेहरा सतरंजीसारखा कोरा झाला. इकडेतिकडे पाहिलं तर सगळीकडे मांडवाचं सामान. मी म्हटलं, आप्पा, लग्नात मांडवाच्या दारात तुमची आग्रह करणारी माणसं असतात ना, रस्त्यानं जाणाऱ्यालाही हात धरून जेवायला बसवणारी. तशीच ही. वाहत्या रक्तातल्या पेशींचा हात धरून त्यांना आत बसवतात. थोडी असली तर कार्य शोभतं. पण ती फार झाली, रस्त्यावरचा प्रत्येक जण आत आला, तर मांडवात चेंगराचेंगरी होते आणि खालची जमीन तुडवून तुडवून कडक होते. व्रण म्हणजे ती कडक जमीन.

आप्पा काकूंकडे बघून म्हणाले, "म्हंजे माझ्या आत बी माझीच माणसं हायत."

काकू इतक्या हसल्या की त्यांना पदर तोंडाला लावावा लागला. पुढे काय होणार हे त्यांना माहीत असावं, मला नव्हतं.

सुईचा विषय मी काढला तेव्हा मात्र हसणं थांबलं. पहिल्या सुईच्या वेळी डॉक्टरांनी श्वास रोखायला सांगितला होता, आणि आप्पांनी तो असा रोखला की सुई निघून पट्टी बांधून झाली तरी सोडेनात. शेवटी डॉक्टरांनी गालावर चापट्या मारल्या. पण भीती त्याची नव्हती. डॉक्टरांनी कौतुकानं त्यांना बशीतला तुकडा दाखवला होता. शेवईएवढा.

"आमच्यात जाळत न्हाईत, ताई," आप्पा म्हणाले. "मातीत बसवत्यात. मांडी घालून, हातात लिंग देऊन. जसं आलो तसं पुरं बसायचं. आता एक शेवई पुन्याला हाय. आनखी एक काढली तर मी किती कमी होऊन बसू?"

डॉक्टर म्हणे या प्रश्नावर हसले होते. मलाही हसू यायला हवं होतं, आलं नाही. मी त्यांना समजावू शकले असते की माणसाची नखं, केस, दात सगळं जातंच. पण तो माणूस मला पॉट देत होता. मी विचारलं, काय केलं म्हणजे चालेल?

त्यांच्या दोन गोष्टी होत्या. रक्तानं सगळं सांगितलं तर सुई नाही. आणि तो तुकडा परत. पहिल्याचं मी वचन देऊ शकत नाही असं स्पष्ट सांगितलं. दुसऱ्याला हो म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. तुकड्यावर माझा काडीचा अधिकार नव्हता. येसराची आमटी अंगात गेली की माणूस शब्द देऊन बसतो.

आप्पा उठले. म्हणाले, पॉट मी कुणाच्या हाती देत नसतो, मी स्वतः येतो.

पुन्हा मांजरसुंबा

सकाळी तांबडं फुटताना निघालो. टेम्पो चालवायला आप्पांचे जुने ड्रायव्हर रशीदभाई होते. मागे भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या तीन लाद्या, खडे मिठाचं पोतं, बर्फ फोडायचा टोचा आणि दोन पॉट. दुसरा कशाला, असं मी विचारलं. जोडीनं ठेवायची सवय हाय, असं उत्तर मिळालं. अंबाजोगाईत डॉक्टरांनी गोधड्या सोडून नळ्या माझ्या हवाली केल्या. पिशव्यांत बांधून त्या नऊ नंबरच्या डब्यात भरल्या, भोवती बर्फ आणि मीठ ठासलं, वर मी लाल रंगानं मोठ्या अक्षरांत लिहिलं: खाण्यासाठी नाही.

तासाभरानं थर्मामीटर उणे सोळा दाखवत होता आणि मी टेम्पोत गाणं म्हणत होते. आप्पांना माझ्या थर्मामीटरची गरज नव्हती. ते पिंपाच्या लाकडाला पालथा हात लावून सांगायचे की मीठ कमी पडलंय, आणि ते बरोबर असायचं. खारं पाणी डब्याच्या तोंडापर्यंत चढू द्यायचं नाही, जुनं काढायचं, नवा बर्फ घालायचा, हे सगळं ते चालत्या गाडीत मांडी घालून करत होते. भांडण एकाच गोष्टीवरून झालं. त्यांना हँडल फिरवायचं होतं. फिरवल्याशिवाय थंडी आत जात नाही असं त्यांचं ठाम मत. मी सांगितलं, नळ्या फुटतील. त्यांनी मान डोलावली. मला डुलकी लागली की डब्यातून बारीक किणकिण ऐकू यायची आणि डोळे उघडले की आप्पा डोंगर बघत असायचे. डोंगर बघण्यासारखे होते म्हणा. बालाघाट मे महिन्यात सोलून ठेवल्यासारखा दिसतो. गवत नाही, सावली नाही, सगळ्या घड्या उघड्या. मला तो फार आवडला.

मांजरसुंब्याला चहाला थांबलो. नानांनी मला लांबूनच ओळखलं, बादली मागे लपवली आणि ढाब्यावर बसलेल्या सगळ्यांना मी कोण ते सांगितलं. बसलेलं होतं एक वऱ्हाड. पाटोद्याकडे लग्नाला निघालेलं, ट्रकभर माणसं, नवरदेवाच्या डोक्याला रुमाल. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ते पॉटाकडे पाहत होते.

नवरदेवाचे मामा, पांढरी टोपी, गावचे पुढारी असावेत, टेम्पोपाशी आले आणि आत काय आहे असं विचारलं. आप्पांनी खरं सांगितलं: रक्त. वऱ्हाड हसून हसून लोळलं. मी लाल अक्षरांकडे बोट केलं. मामा म्हणाले, आमीबी पॉटावर असंच लिवतो, न्हाईतर पोरं ठिवतेत काय? आणि त्यांनी झाकणाला हात घातला.

आप्पा तीन ढांगांत टेम्पोवर चढले आणि झाकणावर मांडी घालून बसले. "मला उचला मंग पॉट उघडा," ते म्हणाले. त्यांचं वजन बघून वऱ्हाड थांबलं. माझ्या जिवात जीव आला. इथं गोष्ट संपायला हवी होती.

पण नवरदेव पुढे आला आणि अगदी साधेपणानं म्हणाला की आप्पा, राहू द्या, उन्हाचं जरा गार खावं वाटलं इतकंच. आणि आप्पांचा चेहरा बदलला. तीस वर्षं ज्या माणसानं मांडवाच्या दारात उभं राहून रस्त्यावरच्याला आत ओढलं, त्याच्या दारातून नवरदेव रिकाम्या तोंडी परत चालला होता. मी त्यांच्याकडे बघून जोरजोरात मान हलवली. त्यांनी माझ्याकडे बघायचंच टाळलं. नानांना म्हणाले, दूध कितीक हाय?

दुसरा पॉट खाली उतरला. आमच्या शेवटच्या दोन लाद्यांतली एक फुटली. मी सांगितलं, विनवलं, शेवटी रागानं माझा आवाज चढला की हे एक्केचाळीस लोकांच्या जिवाचं काम आहे आणि तुम्ही त्यातले एक आहात. आप्पा हँडल फिरवतच राहिले. म्हणाले, "कळतंय मला. पर हात थांबंना, ताई." मी टेम्पोत जाऊन नऊ नंबरच्या पॉटाला मिठी मारून बसले. आत थर्मामीटर होता, पण बघायचं धाडस होईना. बाहेर खव्याचं आइस्क्रीम तयार झालं. त्यांच्यात रीत अशी की पहिली वाटी फिरवणाऱ्याची. आप्पांनी ती स्वतः न खाता माझ्यापुढे आणून धरली आणि तसेच उभे राहिले. मी घेतली. राग कायम होता, पण आइस्क्रीम फारच चांगलं होतं, आणि राग आणि ते दोन्ही एका तोंडात मावेनात.

वाटी संपल्यावर थर्मामीटर काढला. उणे नऊ. उरलेली लादी जेमतेम जामखेडपर्यंत पुरली असती. मी ते वऱ्हाडाला ऐकू जाईल असं म्हटलं. मामांनी टोपी सारखी केली आणि पहिल्यांदाच गंभीरपणे विचारलं, खरंच रक्त हाय? मी डब्याचं झाकण उचलून पिशवीतली एक नळी दाखवली. पुढची माणसं दोन पावलं मागे सरकली. मामा म्हणाले, "मंग कावून सांगितलं न्हाई?"

सगळ्यांनी सांगितलं होतं. पण ते बोलण्यात अर्थ नव्हता, कारण मामा आपल्या ट्रककडे निघाले होते. लग्नाच्या पन्ह्यासाठी त्यांनी चार लाद्या घेतल्या होत्या. चारही आमच्या टेम्पोत आल्या. मी दोन परत करायला गेले तर नवरदेवानं हात जोडले. त्या दिवशी पाटोद्याकडच्या कुठल्याशा गावात नवरीकडच्या तीनशे माणसं कोमट पन्हं प्यायली असणार. त्या नवरा-नवरीचं भलं होवो.

गाडी सुरू झाल्यावर आप्पांनी नऊ नंबरात नवा बर्फ आणि मीठ ठासलं. मग हळूच म्हणाले, की आत अशीच गर्दी होत असंल काय. मी म्हटलं, अशीच होते.

पुणे

संध्याकाळी पाचला प्रयोगशाळेच्या दारात पॉट उतरला. प्राध्यापकांनी हातमोजे घालून पहिली नळी काढली आणि टेबलावर आपटली. टक्क. दगड. दुसरी, टक्क. आप्पा प्रत्येक आवाजाला मान डोलावत होते, गाण्याच्या बैठकीला बसल्यासारखे. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस टक्क. मी नाचले, खरंच नाचले, आणि रशीदभाईंनी टाळ्या वाजवल्या. प्राध्यापकांनी आनंदाच्या भरात सगळ्यांसाठी चहा मागवला. अर्धा-अर्धा कप. आप्पांनी कपात डोकावून पाहिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं की साहेबांच्या घरी काही अडचण हाय का.

पुन्हा परळी

मोजणी पुढचे दोन महिने चालली. आकड्यांची आणि तुकड्यांची जोडी लावली. दाह जितका जास्त तितके रक्तातले चिकट रेणू जास्त, हे छान जुळलं. प्राध्यापक खूश. व्रणांशी मात्र आकडे जुळले नाहीत. फार व्रण आणि कमी रेणू, कमी व्रण आणि रेणूंचा पूर, दोन्ही सापडलं. मी तीन वेळा हिशेब केला, कारण मला आप्पांचं तोंड दिसत होतं. चौथ्या वेळी केला नाही.

तुकड्यासाठी मी तपासणी करणाऱ्या बाईंकडे महिनाभर खेटे घातले. त्यांनी आधी मला वेड्यात काढलं, मग कारण ऐकलं, मग माझ्याकडून तीन कागदांवर सह्या घेतल्या आणि तुकडा ज्यात जपून ठेवतात ती बत्ताशाएवढी मेणाची वडी आणि त्याचा पातळ काप लावलेली एक काच हातावर ठेवली.

दिवाळी झाल्यावर गेले. काकूंनी सीताफळं पुढे केली, पण मी आधी रुमाल सोडला. आप्पांनी वडी तळहातावर घेतली. त्यात शेवईचा तुकडा अंधुक दिसत होता. त्यांनी ती कपाळाला लावली. मग काच उजेडाकडे धरली. रंग दिलेली ती पातळ चकती गुलाबी होती आणि तिच्यातून निळ्या रेषा गेल्या होत्या.

"हे निळं काय हाय?"

"ते व्रण, आप्पा."

"अन् रक्तात हे निळं दिसलं?"

मी नाही म्हटलं. दारात गर्दी किती हे रक्तानं सांगितलं, तुमच्याकडे बरीच आहे. पण खालची जमीन किती तुडवली गेली ते त्याला सांगता आलं नाही. म्हणजे सुई लागणारच. हे सांगताना मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. इतका बर्फ, इतकं मीठ, इतका हट्ट, आणि मी त्यांच्यासाठी काहीच आणलं नव्हतं.

आप्पा काच फिरवून फिरवून पाहत होते. निळ्या रेषेवरून त्यांनी नखानं काचेवर रेघ ओढली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग काकूंना बोलावून दाखवली. मग म्हणाले, "ही तवाची जमीन झाली. आताची बघावंच लागंल."

पुढच्या बुधवारी अंबाजोगाईला सुई झाली. मी थांबले होते. डॉक्टरांनी श्वास रोखा म्हटलं, सुई झाली, आणि सोडा म्हटल्यावर आप्पांनी लगेच सोडला. सुईनंतर उजव्या कुशीवर पडून राहायचं, हलायचं नाही असा नियम असतो, त्यामुळे ते भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि भिंतीलाच सूचना देत होते: मीठ घाला, पाणी काढा, जरा जोरात. कारण व्हरांड्यात मी बसले होते आणि माझ्यासमोर पॉट होता, दहा नंबरचा. हँडल फिरवून फिरवून माझे दंड भरून आले होते. आइस्क्रीम आवळून आलं तेव्हा काकूंनी पहिली वाटी माझ्याच हाती दिली. मी ती आप्पांकडे नेली. डॉक्टरांनी बोटानं फक्त एक चमचा अशी खूण केली.

आप्पांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच तो चमचा खाल्ला. मग विचारलं, "ताई, सध्या मी कितीक कमी हाय?"

"एका शेवईनं," मी म्हटलं.

"चालतंय," ते म्हणाले. "संक्रांतीपर्यंत आना."